फवारणी उशिरा झाली नव्हती, ताई

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. यजमान नोकरीनिमित्त नागपूरला असतात. चार एकर धानाचं रोजचं काम त्या स्वतः बघतात, पण औषध-खताचा शब्द सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा. पाणी गावच्या मामा तलावाचं (जुन्या मालगुजारी तलावाचं), एका बांधीतून (बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यातून) दुसऱ्या बांधीत उतरणारं. वाण मध्यम मुदतीचा. गेल्या वर्षी रोवणीनंतर पंधरा दिवसांनी दाणेदार औषध युरियात मिसळून फेकलं. मग महिन्याच्या धानावर, दीड महिन्याच्या आणि दोन महिन्यांच्या धानावर अशा तीन फवारण्या झाल्या : प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण आणि सोबत टॉनिक. तरी दसऱ्याच्या सुमारास तुडतुडा, म्हणजे धानाचा रस शोषणारी बारकी कीड, आला. इमिडाक्लोप्रिड दोनदा मारलं, पण एकरभर धान गोल-गोल चकंदळे पडून जळाला. वरच्या बांधीवाल्या शेजाऱ्याने दोनच फवारण्या केल्या होत्या, त्याचं नुकसान कमी. आता कृषी केंद्रवाले (औषध-खताचे दुकानदार) सांगतात, ‘गेल्या वर्षी उशीर झाला, यंदा लवकर सुरू करा आणि डोस दुप्पट ठेवा.’ डबा घरात येऊन पडला आहे. ताईंचा भाऊ म्हणतो, सगळं सोड, फक्त दशपर्णी (कडुनिंबासह दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) मार. धान आज दीड महिन्याचा आहे. ताई विचारतात : फवारणी कधी सुरू करू, कोणती करू, आणि मामाजींना काय सांगू? ‘मला यातलं फारसं कळत नाही,’ असंही त्यांनी लिहिलं आहे.

उत्तर :

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. निंदणाला बांधीत वाकणारी बाई धानाचा बुंधा जितका जवळून बघते तितका पंप पाठीवर घेतलेला माणूस बघत नाही. आणि तुडतुड्याचा सगळा खेळ बुंध्याशीच असतो. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की ‘मागच्या साली ऑगस्टमध्ये चुडात (रोपांच्या झुबक्यात) बारके कोळी खूप दिसायचे, नंतर दिसले नाहीत.’ तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ओळीत आहे.

‘उशीर झाला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी गृहीत धरली आहे. रोग आला, औषध हरलं, म्हणजे औषध उशिरा पडलं किंवा कमी पडलं. पण तुमच्याच तारखा बघा. तुडतुडा यायच्या आधी तुमच्या शेतात तीन फवारण्या झाल्या होत्या. शेजाऱ्याकडे एकूण दोनच. लवकर आणि जास्त फवारल्याने तुडतुडा थांबत असता, तर जळायला हवा होता त्याचा धान.

घडलं असावं ते असं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं पानावर पडतात आणि पानावर, पाण्यावर फिरणारं सगळं मारतात : शिकारी कोळी, चतुर-टाचण्या, ढालकिडे, आणि मिरीड नावाचा हिरवट बारका ढेकूण, जो तुडतुड्याची अंडी शोधून त्यातला रस पितो. तुडतुडा मात्र बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, दाट धानाच्या सावलीत बसलेला असतो. तिथे फवारा पोहोचत नाही. त्याची अंडी तर पानाच्या आवरणाच्या आत खुपसलेली असतात, त्यांना कुठलंच वरचं औषध लागत नाही. सात ते नऊ दिवसांत पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं शेतात कुणी उरलेलं नसतं. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालतात. म्हणजे ऑगस्ट ते सप्टेंबरच्या तीन फवारण्यांनी तुम्ही राखणदार काढून घेतले आणि ऑक्टोबरमध्ये गोदाम लुटलं गेलं. फवारणीनंतर कीड वाढणं ही गोष्ट तुडतुड्याच्या बाबतीत भातशेतीच्या अभ्यासकांना अनेक दशकांपासून माहीत आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन आणि क्विनॉलफॉस ही नावं यासाठी बदनाम आहेत. शिवाय तुमच्याकडचं ते प्रोफेनोफॉसचं मिश्रण कपाशीचं औषध आहे. डब्याच्या लेबलावर पीक कोणतं लिहिलंय ते वाचा. आपल्या विदर्भात कपाशीच्या पट्ट्यातला माल धानाच्या पट्ट्यात आणि तिकडचा इकडे सर्रास फिरतो.

मग पुढचं इमिडाक्लोप्रिड का चाललं नाही? एक तर हे औषध वर्षानुवर्षं मारून अनेक ठिकाणचा तपकिरी तुडतुडा त्याला सरावला आहे. दुसरं, एकराला किती पंप झाले ते तुम्ही लिहिलंय : सहा. पंधरा लिटरचे सहा पंप म्हणजे नव्वद लिटर पाणी. वाढलेल्या दाट धानात एवढ्या पाण्याने वरची पानं भिजतात, बुंधा कोरडा राहतो. डोस दुप्पट केला तरी तो बुंध्याशी पोहोचणार नाही, फक्त पानावर दुप्पट पडेल आणि फवारणाऱ्याच्या अंगावर दुप्पट उडेल.

म्हणून यंदाचा पहिला निर्णय : घरातला तो डबा उघडू नका. सील फोडलं नसेल आणि बिल असेल, तर दुकानात परत न्या.

आधी मोजा

दर आठवड्याला एकदा, सकाळी आठ-नऊच्या आत, बांधीत तिरपं चालत जा. धुऱ्याजवळची (बांधालगतची) तीन-चार चुडं सोडून द्या, तिथलं चित्र फसवं असतं. चालता चालता वीस चुडं बघा. प्रत्येक चूड हाताने बाजूला करून बुंधा उघडा. खाली स्टीलची पांढरट ताटली धरा किंवा पाण्यावरच नजर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चुडाला दोन-तीन चापट्या मारा. तपकिरी, गव्हाच्या कोंड्यासारखे दिसणारे आणि तिरपे चालत सरकणारे ते तुडतुडे. पाठीवर पांढरा ठिपका असलेला पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, तोही मोजायचा. हिरवा तुडतुडा वरच्या पानांवर असतो, त्याचा हिशेब वेगळा. सोबतच कोळी किती, मिरीड किती तेही लिहा. मुलाची जुनी वही पुरे.

तुडतुडे चुडाला सरासरी दहाच्या आसपास पोचले की ती धोक्याची रेषा. पण त्याच चुडांत सरासरी एखादा शिकारी कोळी असेल, तर दहावर घाबरायचं कारण नाही. दहा-बारा फुटव्यांच्या चुडात वीसपर्यंत थांबता येतं, मात्र दर आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी मोजायचं. कोळी नाहीत आणि आकडा दहा आहे, तर थांबू नका. आणखी एक खूण : आखूड पंखांच्या, पोट फुगलेल्या माद्या दिसू लागल्या की त्या उडून जाणार नाहीत, तिथेच अंडी घालणार आहेत. त्या जास्त दिसल्या तर आठ-दहा दिवसांनी आकडा उसळतो. बुंधा काळपट, चिकट झाला असेल तर तुडतुडा तिथे बऱ्याच दिवसांपासून बसला आहे असं समजा.

बाकीच्या किडींसाठी एवढं लक्षात ठेवा. खोडकिड्याचे गाभेमर, म्हणजे ओढला की अलगद निघून येणारा वाळलेला मधला पोंगा, शंभर फुटव्यांत पाच झाले, किंवा चौरस मीटरमध्ये एक पिवळा पतंग वा एक अंडीपुंज दिसला, तर दखल घ्यायची. गादमाशीचा नळीसारखा चंदेरी पोंगा, तोही शंभरात पाचावर. पानं गुंडाळणारी अळी चुडाला दोन ताज्या गुंडाळलेल्या पानांपर्यंत, आणि उलगडून बघायचं, आत अळी आहे का. रिकाम्या गुंडाळीवर औषध मारून काही मिळत नाही. लष्करी अळी चौरस मीटरला चार-पाच. हिरवा तुडतुडा चुडाला दहा.

इथे आणखी एक गैरसमज. रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पानं पांढरी झाली, गुंडाळली, दोन-चार पोंगे मेले की जीव कासावीस होतो. पण धान त्या वयात फुटवे काढत असतो. मेलेल्या पोंग्याच्या जागी दुसरा येतो, खाल्लेल्या पानाच्या जागी नवं. पहिल्या महिन्यात पानं खाणाऱ्या अळीसाठी केलेली फवारणी बहुतेक वेळा उत्पन्न वाचवत नाही, पण कोळी मात्र नक्की मारते. ती दिसण्यापुरती फवारणी पुढे महागात पडते. गर्भावर आलेल्या, म्हणजे पोटात लोंबी धरलेल्या, धानाचं तसं नाही. तिथे खोडकिडा पोंग्याऐवजी लोंबी मारतो, पळींज (पांढरी, पोकळ लोंबी) पडते, आणि तिची भरपाई होत नाही. म्हणून तुमचं लक्ष आता, सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत हवं.

युरिया आणि पाणी

मामाजी आता एकराला एक पोतं युरिया टाकायचं म्हणताहेत. थांबवता आलं तर इथे थांबवा. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली तर एकराला ४० किलो नत्र होतं. रोवणीच्या वेळी निम्मं, फुटव्यांत पाव आणि लोंबी धरताना पाव. शेवटचा पाव हप्ता म्हणजे १० किलो नत्र, म्हणजे २२ किलो युरिया : ४५ किलोच्या पोत्याचं अर्धं. आधीच्या हप्त्यांत जास्त पडलं असेल किंवा धान काळाभोर हिरवा, लुसलुशीत दिसत असेल, तर तेवढंही नको. नत्र जास्त झालं की पानं लोंबतात, बुंध्याशी हवा खेळत नाही, रस गोड होतो आणि तुडतुडा तिथेच बस्तान मांडतो. वर करपा वेगळा. अर्धं पोतं वाचवणं हा तुडतुड्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण तो कुणी विकत नाही.

पाण्याचं जरा अवघड आहे. तुडतुडा वाढायला लागला की बांधी तीन-चार दिवस रिकामी करायची, माती ओली राहील पण पाणी उभं राहणार नाही अशी, मग पुन्हा भरायची. असं दोनदा केलं तर बुंध्याजवळची दमट सावली मोडते. पण तुमचं पाणी वरच्या बांधीतून येतं आणि खालच्या बांधीत जातं. धुऱ्याला तोंड फोडलं तर खालच्याच्या बांधीत युरियाचं पाणी जाईल, आणि वरच्याने पाणी बंद केलं नाही तर तुमची बांधी सुकणारच नाही. म्हणून वरच्या आणि खालच्या दोघांशी आधी बोलून एकाच आठवड्यात तिघांनी मिळून रिकामी करा. तलावात पाणी कमी असेल आणि परत पाळी मिळेल याची खात्री नसेल, तर पाणी पूर्ण सोडू नका, नुसतं अर्ध्या इंचावर आणा. आणि धान निसवत असताना (लोंबी बाहेर पडताना) माती तडकू देऊ नका. त्या आठ-दहा दिवसांत पाण्याचा ताण पडला तर दाणा पोचट राहतो, तुडतुड्यापेक्षा मोठं नुकसान आपणच करून बसतो.

दाट रोवणी ही तिसरी गोष्ट. यंदा ती झाली आहे. तरी पूर्व-पश्चिम दर दोन-तीन मीटरवर चुडं दोन्ही बाजूंना हाताने दाबून हातभर रुंद वाट काढता येते. बुंध्याशी ऊन-वारा पोचतो आणि फवारणी करायची वेळ आलीच तर नोझल खाली नेता येतो. पुढच्या वर्षी रोवणीतच दर दोन-तीन मीटरला ३० सेंटिमीटरचा पट्टा सोडा आणि ओळीत १५ × २० सेंटिमीटरपेक्षा दाट लावू नका. रोवणाऱ्या बाया हुंडा पद्धतीने (ठेक्याने) काम करतात तेव्हा चुडं जवळजवळ पडतात, असा बहुतेकांचा अनुभव. दोरी धरणारा माणूस तुमचा ठेवा.

खोडकिड्यासाठी आत्ता काय

एकराला दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, खोडकिड्याची ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, घालून. पिकाच्या टोकापेक्षा फूटभर उंच, आणि धान वाढेल तसे वर सरकवायचे. ल्यूर तीन आठवड्यांनी बदलायची. हे सापळे कीड संपवत नाहीत, ती आल्याची वर्दी देतात. पतंग अडकायला लागले की आठवड्याभरात अंडी, त्यानंतर पाच-आठ दिवसांत अळी. अळी खोडात शिरली की बाहेरचं औषध तिला शोधत बसणार नाही. पळींज पडलेली बघून फवारणी करणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप.

अंड्यांवर ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यांतच वाढणाऱ्या बारक्या गांधीलमाश्यांचं कार्ड) चांगलं चालतं. धानासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम मागा. हेक्टरी ५० हजार अंडी, म्हणजे एकराला २० हजार अंड्यांचं एक कार्ड, दर आठ-दहा दिवसांनी, तीन-चार वेळा. तुमचा धान आता कार्ड लावायच्याच वयात आहे. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आधी मागणी नोंदवावी लागते. कार्डावरची तारीख बघा, उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, संध्याकाळी तुकडे करून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. कार्ड लावायच्या आधी आणि नंतर आठवडाभर कुठलीही रासायनिक फवारणी नको, नाही तर पैसे पाण्यात. मुसळधार पाऊस असेल तर एक दिवस थांबा.

रेषा ओलांडलीच तर क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी एकरी ६० मिली किंवा फ्लुबेंडियामाइड ३९.३५ एससी एकरी २० मिली. ही दोन्ही एकाच गटातली आहेत, एकानंतर दुसरं मारणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. ती अळीवर्गावर काम करतात, कोळ्यांना पुष्कळ कमी त्रास देतात. दाणेदारच हवं असेल तर कार्टाप हायड्रोक्लोराइड ४ टक्के एकरी साडेसात ते दहा किलो, पण बांधीत दोन इंच पाणी हवं आणि ते तीन-चार दिवस बांधून ठेवता आलं पाहिजे. वाहत्या पाण्यात फेकलेलं दाणेदार औषध शेजाऱ्याच्या बांधीत आणि तलावाखालच्या नाल्यात जातं. गेल्या वर्षीच्या तुमच्या पहिल्या फेकीचं बहुधा हेच झालं असेल.

आणि एक : ट्रायझोफॉस आणि फोरेट या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. ‘जुना माल आहे, जोरात चालतो’ म्हणून कुणी हातात ठेवलं तर घेऊ नका. प्रत्येक औषधाचं पक्कं बिल, बॅच नंबरसकट, मागा.

भावाच्या दशपर्णीबद्दल

तुमचा भाऊ चुकीचा नाही, तो फक्त वेळ चुकवतोय. कडुनिंबाचं औषध कीड येण्याआधी आणि सुरुवातीला कामाचं. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर करायचा. हा पाच टक्के अर्क. तो किडीची खाण्या-अंडी घालण्याची इच्छा मारतो, पिल्लांची वाढ अडवतो. चुडाला पाच तुडतुडे असताना संध्याकाळी बुंध्यावर मारला तर फायदा आहे. चुडाला चाळीस झाल्यावर मारला तर धान जळेलच, आणि वर नाव निंबाचं खराब होईल. दशपर्णीचं प्रमाण घराघरांत वेगळं असतं. त्यामुळे तिच्या भरवशावर चार एकर सोडू नका, एका बांधीवर मारून मोजून बघा.

याच्या बरोबरीने मेटारायझियम ही बुरशी एकरी एक किलो वापरता येते. ढगाळ, दमट संध्याकाळी ती चांगली चालते आणि आपल्याकडे सप्टेंबरात दमटपणाची कमी नसते. मात्र तिच्यासोबत किंवा आसपास करप्याचं बुरशीनाशक मारू नका. पंपात एकाच वेळी ‘सगळं’ टाकायची सवय इथे नडते : टॉनिक, बुरशीनाशक, कीटकनाशक, वर चिकटद्रव. काय चाललं आणि काय चाललं नाही ते मग कुणालाच कळत नाही, दुकानदारालाही नाही.

तुडतुड्याची फवारणी करावीच लागली तर

पूर्ण शेतावर नको. तुडतुडा सुरुवातीला ठिकठिकाणी बसतो. वीस चुडांच्या मोजणीत कुठल्या भागात आकडे जास्त ते कळतं. तो भाग आणि त्याच्या भोवतीचा तीन-चार मीटरचा पट्टा फवारा, बाकीच्या शेतात कोळी जगू द्या.

औषधांत पायमेट्रोझिन ५० डब्ल्यूजी एकरी १२० ग्रॅम, किंवा डायनोटेफ्युरान २० एसजी ६० ते ८० ग्रॅम, किंवा ट्रायफ्लुमेझोपायरिम १० एससी ९४ मिली, किंवा बुप्रोफेझिन २५ एससी ३२० मिली. यातलं एकच. पुन्हा मारायची वेळ आली तर दुसरं. पाणी एकराला २०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे तेरा पंप. त्या हिशेबाने पायमेट्रोझिन पंपाला नऊ ग्रॅमच्या आसपास बसतं. माणसाने काढलेल्या वाटेतून चालायचं, नोझल वर नाही, बुंध्याकडे धरायचा. शक्य तर आदल्या दिवशी पाणी उतरवून घ्या.

आता लोक जिथे हमखास फसतात ते. पायमेट्रोझिन मारल्यावर तुडतुडा लगेच मरत नाही, त्याचं रस शोषणं थांबतं आणि तो काही दिवसांत उपाशी मरतो. दुसऱ्या दिवशी बुंध्याशी जिवंत तुडतुडे बघून ‘औषध नकली’ म्हणत लोक संध्याकाळी दुसरं मारतात. बुप्रोफेझिन तर फक्त पिल्लांच्या कात टाकण्यावर चालतं, मोठे तसेच दिसत राहतात. म्हणून ते पिल्लं जास्त असताना वापरा, पंखवाल्यांची गर्दी झाल्यावर नाही. फवारणीनंतर चार-पाच दिवसांनी एकदा आणि मग आठव्या-नवव्या दिवशी मोजा. आधीच्या अंड्यांतली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात, खरा निकाल तेव्हाचा.

फवारणाऱ्याबद्दल लिहायलाच हवं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला नीट बसणारा मास्क, डोळ्यांना चष्मा. वाऱ्याच्या उलट्या दिशेने चालायचं नाही, दुपारच्या उन्हात फवारायचं नाही, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही. आणि ताई, पंप भरून देणाऱ्या, बादलीत औषध ढवळणाऱ्या बहुतेक घरच्या बायाच असतात. मास्क आणि हातमोजे पंपवाल्याला असतात, त्यांना कुणी देत नाही. ढवळायला काठी वापरा, हात नको. त्या बांधीच्या धुऱ्यावरचं गवत काही दिवस ढोरांना कापू नका. कुणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर दवाखान्यात नेताना औषधाचा डबा किंवा निदान लेबल सोबत न्या.

मामाजींशी कसं बोलायचं

‘तुमचं चुकलं’ असं म्हणून काही होणार नाही. आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचंही नाही : एकरभर धान जळालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला, कर्ज त्यांच्या नावावर आहे, आणि दुकानदार उधारीवर माल देतो. उधारी हे इथलं खरं कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. म्हणून त्यांना ‘फवारू नका’ म्हणू नका, ‘मोजून फवारू’ म्हणा. एका सकाळी त्यांना बांधीत सोबत न्या, चूड उघडून ताटलीवर झोडा आणि आकडा त्यांनाच म्हणायला लावा. रेषेवर गेला तर मीच पंपाला पाणी आणून देते, असं सांगून ठेवा. त्यांचं मन नसेलच, तर चारपैकी एक एकर तुमच्या पद्धतीला मागा. जमल्यास वरच्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्या बांधीचं फवारलेलं पाणी त्यात उतरणार नाही. दोन्हीकडची मोजणी आणि खर्च एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहा. कृषी सहायकांना एकदा बोलावून ती वही दाखवली, तर घरातल्या बोलण्यालाही वजन येतं.

कापणीनंतर आणि पुढच्या वर्षी

खोडकिडा उरलेल्या धसकटात झोपतो. धान जमिनीलगत कापून लगेच नांगरलं तर तो मरतो, असा सल्ला सगळीकडे छापतात. पण आपल्याकडे उभ्या धानात लाखोळी, जवस फेकतात, मग नांगर कुठून घालणार? अशा बांधीत निदान कापणी जमिनीलगत करा आणि लाखोळी निघाल्यावर उन्हाळ्यात नांगरून धसकटं उघडी पाडा. जिथे उन्हाळी धान घेतात तिथे तर किडीला बारा महिने घर मिळतं. तुमच्या शिवारात कुणी उन्हाळी घेत असेल, तर खरिपात मोजणी दोन आठवडे आधी सुरू करा.

पुढच्या रोवणीला पऱ्हे (रोपं) उपटल्यावर शेंडे थोडे खुडून बांधीबाहेर टाका, खोडकिड्याचे अंडीपुंज बहुधा पानाच्या टोकाकडे असतात. गादमाशीचा त्रास दरवर्षी असेल, तर रोवणीआधी पऱ्ह्यांची मुळं क्लोरपायरिफॉस २० ईसी लिटरला एक मिली या पाण्यात बारा तास बुडवून ठेवतात. पण ते पाणी नंतर तलावात किंवा पाटात ओतायचं नाही. आणि जमलं तर शेजारच्या पाच-सहा घरांशी बोलून रोवणी तीन आठवड्यांच्या आत आटपा. एकाच शिवारात कुणाचा धान निसवतोय आणि कुणाचा फुटतोय असं झालं की कीड एकाकडून दुसऱ्याकडे आरामात मुक्काम हलवते. पक्षिथांबे रोवणीनंतर लावा, पण दाणा भरायला लागला की काढा, नाही तर तेच पक्षी लोंबीवर बसतात. धुऱ्यावरची तूर राहू द्या. तिच्यावर कोळी आणि चतुर बसायला जागा मिळते.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी गेल्या वर्षी तुमच्याकडे घडली. कापणीला पंधरा-वीस दिवस राहिले असताना तुडतुडा वाढला, तर बहुतेक औषधं मारता येत नाहीत, कारण लेबलावर लिहिलेले फवारणी ते कापणीमधले दिवसच उरत नाहीत. अशा वेळी पाणी पूर्ण सोडा आणि लोंबीतले शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी दाणे सोनेरी झाले की बांधी कापून घ्या, मजूर आधी त्याच भागाला लावा.